शुक्रवारची गाडी

"बटनाले हात नका लावू, बाई. प्लग तुमी लावा पाहिजे तर, पण बटन मीच दाबीन."

नत्थूजींनी पहिल्याच दिवशी बजावलेलं हे वाक्य शोभाबाईंच्या कानात पक्कं बसलं होतं. आजही फाटकापाशी ती छोटी पांढरी गाडी दिसताच त्यांनी ओले हात पदराला पुसले, ओसरीतली बाज भिंतीपासून पुढे ओढली, तिच्यावर गोधडी अंथरली आणि वायरचं टोक घ्यायला त्या अंगणात उतरल्या. बॅटरीच्या गाडीला आवाज नसतो. ती आल्याचं त्यांना नेहमी डोळ्यांनीच कळायचं.

गाडीत नत्थूजी एकटेच होते. उतरून ते फाटकाबाहेरच थांबले. मागचं दार उघडून वायर काढायला ते वळले नाहीत.

"या ना भाऊ. ताई कुठं हायेत? मागच्या शुक्रवारी बी नाई आल्या. काऊन बाहेर उभे?"

"आत नाई येत, बाई," नत्थूजी म्हणाले. "सुतक हाय."

वायर घ्यायला पुढे केलेला शोभाबाईंचा हात तसाच राहिला.

पुलगावहून देवळीमार्गे वर्ध्याकडे जाताना हे गाव अर्ध्या वाटेत लागतं. सहा महिन्यांपूर्वी नत्थूजी असेच फाटकाशी आले होते. दारूगोळ्याच्या डेपोत वायरमन म्हणून जन्म गेलेला माणूस. रिटायर झाल्यावर नागपुरातून त्यांनी ही जुनी बॅटरीची गाडी आणली होती. अशी गाडी तोवर गावात कोणी पाहिलेली नव्हती. बायकोला दर शुक्रवारी सेवाग्रामला दवाखान्यात न्यायचं असतं, गाडी एका चार्जिंगमध्ये पोचत नाही, दोन तास प्लग मिळेल का, असं त्यांनी विचारलं होतं. शोभाबाईंचे यजमान बंडूजी दुकानाच्या गल्ल्यावरून उठून तमाशा पाहावा तसे गाडीभोवती फिरले.

"गाडी कायची जी, म्हैस हाय हे! अर्ध्या रस्त्यात बसते अन् चारा मागते."

"म्हैस दूध तरी देते, बंडूजी."

"गाडीले नका बोलू," गाडीत बसलेल्या त्यांच्या पत्नी रुख्माबाई म्हणाल्या होत्या. "गरीब हाय बिचारी. दम लागते तिले."

तेव्हापासून शुक्रवार ठरला. वायर ओसरीतल्या बोर्डापर्यंत यायची, नत्थूजी बोर्डाकडे जाऊन खुडबुड करायचे आणि मग दुकानात बंडूजींशी गप्पा मारत बसायचे. गाडी चार्ज होतेय तोवर बसून काय करता, टेका थोडं, असं शोभाबाईंनी पहिल्या दिवशी म्हटलं आणि रुख्माबाई बाजेवर आडव्या झाल्या. दुखणं कमरेत आहे, एवढंच त्या सांगायच्या. शोभाबाईंचा रोज पोथीचा एक अध्याय वाचायचा नेम. शुक्रवारी त्या तो बाजेच्या उशाशी बसून वाचू लागल्या.

"थोडं मोठ्यानं वाच ना वं," रुख्माबाई डोळे मिटूनच म्हणायच्या. "देवाले ऐकू येते, मले नाई येत."

अध्याय संपला तरी त्या उठायच्या नाहीत. कधी झोप लागलेली असायची. नत्थूजी येऊन हलक्या आवाजात म्हणायचे, "झाली बरं गाडी." मग त्या एक हात बाजेला आणि एक शोभाबाईंच्या खांद्याला देऊन उभ्या राहायच्या. खांद्यावर पडणारा भार शुक्रवारगणिक वाढत गेला होता.

आणि मग तो शेवटचा शुक्रवार.

त्या दिवशी शोभाबाईंच्या अकरा शुक्रवारांचं उद्यापन होतं. दुपारी सात सवाष्णी जेवायला यायच्या होत्या. भारनियमनाचं वेळापत्रक त्याच आठवड्यात बदललं आणि सकाळी नऊलाच लाइट गेली. पुरणाचा हात तसाच घेऊन त्या फाटकापर्यंत धावत आल्या. नत्थूजींनी नुकती गाडी उभी केली होती.

"लाइट नाई जी, भाऊ! एक वाजता येईन म्हणते. खोळंबू नका, तसेच पुढं जा. देवळीले असन, तिथं लावा प्लग."

त्यांना वाटलं होतं, आपण या माणसांचा वेळ वाचवला. रुख्माबाईंनी दार उघडून एक पाय बाहेर टाकला होता. त्या क्षणभर तशाच बसून राहिल्या. मग पाय आत घेतला.

"बरं वं बाई," त्या म्हणाल्या. "उद्यापन चांगलं होऊ दे."

नत्थूजी काहीतरी बोलायला गेले, तर रुख्माबाईंनी त्यांची बाही धरून मानेनंच नको म्हटलं. शोभाबाईंनी ते पाहिलं होतं. पण चुलीवर पुरण होतं, आणि त्या वळल्या होत्या.

"कधी झालं?" शोभाबाईंनी आता विचारलं.

"त्याच्यानंतरच्या गुरुवारी. पहाटं." नत्थूजींनी टोपी काढून पुन्हा घातली. "सुतकात कोणाच्या दारी येऊ नाई, समजते मले. पण तिचं एक काम होतं. म्हणे, त्या बाईच्या घरी आपण खोटं बोललो. देवाधर्माची बाई हाय थे. मी गेल्यावर सांगून येजा."

"खोटं? कायचं खोटं?"

"गाडीचं." ते गाडीकडे पाहत म्हणाले. "गाडी चांगली हाय, बाई. मागच्या दिवाळीले बॅटऱ्या नव्या टाकल्या मी. पुलगावहून निघाली का सेवाग्रामले आरामात पोचते. रस्ताच तिच्या कमरेले सहन नव्हता होत. इथपर्यंत येता येता डोळ्यातून पाणी काढे. अर्ध्यात घडीभर पाठ टेकली का मंग पुढचं निभे. पण परक्याच्या दारी जाऊन मले निजू द्या म्हणाची तिले भारी लाज. म्हणे, माणसाले नाई म्हणतीन लोक, गाडीले नाई म्हणणार नाई. गाडीचं नाव सांगा."

शोभाबाईंनी फाटकाची कडी धरली.

"मंग प्लग?"

"लावाचो नुसता. बटन मी कधी दाबलंच नाई. तुमची लाइट फुकट काऊन जाळा?"

दुकानात बंडूजी गिऱ्हाइकाशी मोठ्यानं हसले. बाहेर काय चाललंय याची त्यांना अजून खबर नव्हती.

"त्या शुक्रवारी," शोभाबाई म्हणाल्या. "त्या शुक्रवारी मंग कुठं थांबले तुमी?"

"कुठं थांबतो? लाइट तर तिकडं बी नव्हती. अन् तिनं दुसऱ्या घरी विचारू देल्लं नाई. या गाडीची सीट मागं पडत नाई जी. बसूनच राह्यली. मी हळूहळू नेली."

त्यांच्या बोलण्यात बोल लावणं नव्हतं. आपण काय सांगितलं हे त्यांना कळलेलंच नव्हतं. बायकोच्या डोक्यावरचं एक ओझं उतरवून ते मोकळे झाले होते. राग कुठेतरी दिसला असता, एखादा शब्द तरी ते टोचून बोलले असते, तर शोभाबाईंना हात जोडून माफी मागता आली असती.

"आणखी एक, बाई. मंगळवारी तेरवी हाय. अहेव गेली थे. सवाष्ण जेवू घालावी लागते, लुगडं द्या लागते. तिनं कोण पाहिजे थे बी सांगून ठेवलं. तुमचं नाव घेतलं. ती सवाष्ण पोटभर जेवली पाहिजे म्हणतेत. अर्धपोटी उठली तर गेलेलीले पोचत नाई."

मंगळवार हा शोभाबाईंचा कडक उपास. लग्नाच्या वर्षी धरलेला. बाळंतपणात मोडला नाही, बंडूजी टायफॉइडनं पडले तेव्हा मोडला नाही. त्यांनी ओसरीकडे वळून पाहिलं. मग फाटकाबाहेरच्या माणसाकडे.

"येईन," त्या म्हणाल्या.

"गाडी घेऊन येऊ का?"

"नको, भाऊ. बसनं येईन मी."

गाडी जशी आली तशीच गेली. बंडूजी दुकानातून बाहेर आले तेव्हा फाटक उघडं होतं आणि शोभाबाई बाजेजवळ जमिनीवर बसल्या होत्या.

"काऊन वं? गेले का नत्थूजी? चहा बी नाई घेतला?"

त्यांनी सगळं सांगितलं. बंडूजींनी जाऊन उघडं फाटक लावलं.

"तुले काय माहीत होतं," परत येऊन ते म्हणाले.

"इचारता तर आलं असतं ना," शोभाबाई म्हणाल्या. "पाय बाहेर टाकला होता तिनं."

मंगळवारी पहाटे त्यांनी अंघोळ केली, तुळशीला पाणी घातलं, देवापुढे दिवा लावला. एरवी त्या तिथेच तळहातावर पाणी घेऊन उपासाचा संकल्प सोडायच्या. आज नुसतेच हात जोडले. मग उठून कपाळाला ठसठशीत कुंकू लावलं, हिरव्या बांगड्या सारख्या केल्या आणि पायात चपला सरकवल्या.

बंडूजी दुकानाच्या फळ्या काढत होते.

"आज मंगळवार हाय ना तुया?"

"हो."

"मंग?"

"जेवीन," शोभाबाई म्हणाल्या. "वाढतीन तेवढं सगळं जेवीन."

बस यायला वेळ होता. तरी त्या निघाल्या.