स्टुलाचा चौथा पाय

खोटं वाटेल, नव्हे वाटायलाच हवं, पण ज्या हातांनी छत्तीस वर्षं कचेरीत शिक्क्याशिवाय काही उचललं नाही, त्याच हातांनी भाऊजींनी दोन वर्षं मरून पडलेला लेथ सहा दिवसांत उठवला. वहिनी त्यांना भाऊजी म्हणत, म्हणून सगळी गल्लीच म्हणे.

लेथ थोरल्या भावाचा. दादा त्यावर लाकूड कातायचे, खुर्च्यांचे पाय म्हणू नका, हत्यारांच्या मुठी म्हणू नका. धाकट्याला मात्र त्यांनी कधी हात लावू दिला नाही. दादा गेले, लेथवर चादर पडली आणि चादरीवर घरभरची अडगळ. शेजारचा सुतार त्यावर डोळा ठेवून होताच. शेवटी वहिनींनी निकाल लावला: शिवणयंत्रापुढच्या स्टुलाचा चौथा पाय मोडलाय, तीन महिने आपण विटा लावून बसतोय. शनिवारी चारपर्यंत भाऊजींनी त्याच लेथवर पाय करून आणला, तर लेथ त्यांचा. नाहीतर सुताराचा. सुतार म्हणाला, चारला हातगाडी घेऊनच येतो.

सोमवारी भाऊजींनी गंजावर इतकं रॉकेल ओतलं, की तीन घरं पलीकडे माणसं काडी ओढायला भिऊ लागली. मंगळवारी मोटार उघडली, तर आत उंदरांच्या चार पिढ्या सुखाने नांदत होत्या. त्यांतला म्हातारा जाताना दारात थांबला आणि घर खाली करायला लावलेल्या भाडेकरूसारखा भाऊजींकडे बघून गेला. बुधवारी नवा पट्टा चढवला, सुटलेल्या वायरी जोडल्या, बटण दाबलं. लेथ फिरला.

उलटा फिरला. वायरींची अदलाबदल झाली होती. लाकूड वरून पटाशीवर उतरायचं, ते खालून वर पळू लागलं. पटाशी कापेना, नुसता धूर काढी. नवशिक्याला काय कळतंय? भाऊजी दिवसभर पटाशीलाच धार लावत बसले. गुरुवारी वैतागून ते लेथच्या पलीकडे गेले, पटाशीचा टेकू तिकडे वळवला आणि हत्यार लावलं, तर साल लोण्यासारखी निघाली. वायरी बदलण्यापेक्षा माणूस बदलणं सोपं. तेव्हापासून ते भिंत आणि लेथ यांच्यामधल्या वीतभर जागेत पोट आत ओढून उभे राहिले. भुसा एवढा साचला, की मांजर शुक्रवारी संध्याकाळी सापडलं.

पायाचं काही जमेना. पहिला कातता कातता पेन्सिलीएवढा झाला. दुसरा खिडकीतून निघून गेला तो आलाच नाही. तिसऱ्या-चौथ्याचं विचारू नका. पाचवा निदान लेथवर टिकला, पण गाजरासारखा, मधे फुगलेला आणि एका अंगाला कलंडलेला. शनिवारी तीनला भाऊजींनी त्याच्याकडे बराच वेळ पाहिलं आणि तो पिशवीत टाकला.

पावणेचारला ते वहिनींच्या खोलीत आले तेव्हा हातात दुसराच पाय होता. सरळ, गोल, घोट्यापाशी दोन नाजूक कंगोरे. सुतार हातगाडी बाहेर लावून दारात उभा होता. पाय स्टुलात बसला तो जन्मापासून तिथेच असल्यासारखा. इतर तिघांत ओळखू येईना.

भाऊजी सांगू लागले. म्हणे, तीन वाजता लेथचा सूरच बदलला. म्हणे, मनगट कुणीतरी धरल्यासारखं आपोआप वळू लागलं. अकरा मिनिटं लागली, त्यांतली चार तर डोळे मिटून. काचकागद लावायचीही गरज पडली नाही.

सुतार म्हणाला, हात थेट दादांचाच. त्याचं तोंड उतरलं होतं.

वहिनींनी स्टूल उलटं केलं. नव्या पायाचा तळ अंगठ्याने पुसला. मग भाऊजींच्या पिशवीकडे पाहिलं. तिच्या कोपऱ्यातून जमिनीवर भुसा गळत होता.

"हे नेहमी एक पाय जास्तीचा करून ठेवत," त्या म्हणाल्या. "हा शेवटचा, वापरायचा नाही म्हणून मी स्वतः कागदात गुंडाळून लेथखालच्या खोक्यात ठेवला होता, भाऊजी. आता तुमचा काढा बाहेर. डुगडुगला तर डुगडुगू दे, विटांवर बसून मला सवय झालीय."