उपासातला किंग केक

ज्यूरीचे प्रमुख गॅस्पार थिबोडो यांनी चिठ्ठ्या मोजल्या. अकरा विरुद्ध एक. त्यांनी खुशाल कोट चढवला.

"झालं! दोषी. चला, संध्याकाळची कार्निव्हलची मिरवणूक सापडेल."

"बसा, गॅस्पार," अर्लीन ऑनोरे म्हणाली. "लुईझियानात आता बाराच्या बारा मतं लागतात. दहा मतांवर भागायचं, ते दिवस गेले."

ते दिवस तिने पाहिले होते. तेव्हाही ती ज्यूरीत होती. ती आणि आणखी एक काळा गृहस्थ 'नाही, नाही' म्हणत राहिले आणि दहा गोऱ्यांनी टोप्या घालून घरचा रस्ता धरला. तो आरोपी तुरुंगातच म्हातारा झाला.

या खेपेला काळी ती एकटीच. गेल्या वर्षी मिरवणुकीच्या राजाचा रथ जळाला, आळ आला टेरेल डूसे या काळ्या पोरावर. टीव्हीला दुसरी बातमी नव्हती. दोषी ठरला तर पोराची उमेदीची वर्षं गजाआड जाणार होती. साक्षीदार एकच.

शिपायाने ठेवलेला कार्निव्हलचा किंग केक गॅस्पारनी फणकाऱ्याने कापला. "बोला, मिस अर्लीन. काय अडलंय तुमचं?"

"साक्षीदार म्हणाला, रथ जळाला त्या दिवशी, म्हणजे कार्निव्हल संपून लागलेल्या लेंटच्या उपासातल्या पहिल्या शुक्रवारी, तो बेकरीबाहेर ताजा किंग केक खात उभा होता, तेव्हा त्याला टेरेल रथाकडून पळताना दिसला."

"उपासात?" गॅस्पार भरल्या तोंडाने ओरडले. "उपासात किंग केक कोण विकतंय त्याला? मी मागितला असता तर माझ्या आईने लाटण्याने..." आणि आपण काय बोललो ते त्यांच्या ध्यानात आलं.

"किंग केकची आमची भट्टीसुद्धा उपासाच्या आदल्या मंगळवारीच बंद," बेकरीवाले मिन्ह त्रान पुटपुटले.

दोन्हीकडचे वकील मूळचे शिकागोचे, त्यांना काय कपाळ कळणार! पण हे अकरा जण इथलेच. साक्ष ऐकतानाही त्यांचे कान मिरवणुकीच्या बँडकडे लागले होते.

"मेला खोटारडा!" डेल्फीनआजी कडाडल्या. "आणि खरंच खाल्ला असेल, तर त्यालाच आत टाका!"

पुन्हा चिठ्ठ्या पडल्या. बाराच्या बारा निर्दोष. अर्लीनच्या डोळ्यांत पाणी आलं आणि तिने ते लपवलं नाही.

तेवढ्यात गॅस्पारच्या दाताखाली केकमध्ये लपवलेलं प्लास्टिकचं बाळ आलं. ज्याला बाळ, पुढचा केक त्याच्याकडून. त्यातून सुटका नाही.

"आणतो," ते ओशाळून म्हणाले. "कुठे आणू?"

"टेरेलच्या आईच्या घरी," अर्लीन म्हणाली. "आणि उपास लागायच्या आत."