जपून ठेवलेली जीभ

मी एक जुना फाउंटन पेन आहे, आणि मित्रांनो, मी चिडलेला आहे. म्हाताऱ्या वस्तूंनी हळव्या आवाजात आपली कहाणी सांगावी, अशी तुमची अपेक्षा असते. ती माझ्याकडून पुरी होणार नाही.

एका कारागिरानं काळ्या कडक रबराच्या कांडीतून मला लेथवर कातलं. अंगावरून बोट फिरवून, जिथे खडबड लागली तिथे पुन्हा घासलं. मग निब बसवली आणि तिच्याखाली बारीक चिरांचा एक काळा तुकडा सरकवला. पोटातली शाई त्या चिरांतूनच निबेवर उतरते. कारागीर त्या तुकड्याला जीभ म्हणायचा. "जीभ ओली ठेवा," तो गिऱ्हाइकांना बजावायचा. "जीभ सुकली की पेन मुका."

मला घेतलं एका तरुण बाईनं. बसस्टँडवर घोषणा करण्याची नोकरी तिला नुकतीच लागली होती. कुठली गाडी कुठल्या फलाटावर, कुठली रद्द, हे ती आधी माझ्याकडून चिठ्ठीवर उतरवून घ्यायची आणि मग माइकसमोर वाचायची. म्हणजे मी लिहायचं आणि तिनं बोलायचं. हरवलेल्या मुलाच्या शर्टाचा रंगही मी लिहिलाय, आणि मूल सापडल्यावर त्याच्या आईला बोलावणारी ओळही. तिचा आवाज घुमला की चहा पीत बसलेले ड्रायव्हर कप तसाच ठेवून गाडीकडे धावायचे. स्टँडचे साहेब म्हणायचे, "बाईंच्या बोलण्याला धार आहे." धार माझ्या निबेला होती, पण तेव्हा मी वाद घातला नाही.

लिहून लिहून माझी निब तिच्या हाताच्या कलानं झिजली. ती मला जरा तिरका धरायची, म्हणून निबेचं टोकही तिरकं झालं. पेन असा एखाद्या हाताला लागला की तो दुसऱ्याच्या हातात कुरकुरतो. यात दोष कुणाचाच नाही.

तिचा मुलगा दातांचा डॉक्टर झाला, तेव्हा तिनं मला त्याच्या खिशाला लावलं. "वापर हं. शोभेचा नाही तो."

डॉक्टरनं चार अक्षरं काढली आणि म्हणाला, "खरखरतो गं आई." आणि दुसरा पेन घेतला. मग तिसरा. मग त्याला नादच लागला. निळे, हिरवे, सोनेरी पट्ट्यांचे, पारदर्शक पोटाचे पेन घरात येऊ लागले. काचेचं कपाट आलं. आत मखमलीचे खण आले. नवा पेन आला की डॉक्टर त्यात शाई भरायचा, लिहायचा, "हा पेन छान चालतो," फोटो काढायचा आणि पेन धुऊन ठेवून द्यायचा. मित्रांनो, त्या कपाटातल्या सगळ्या पेनांना मिळून एवढं एकच वाक्य येतं. माझ्या शेजारचा सोनेरी पट्टीवाला मला एकदा म्हणाला, "आजोबा, याच्या पुढे काय लिहितात?" मी काय सांगणार कपाळ!

शाईच्या बाटल्यांची तीच गत. सील न तोडता एका रांगेत उभ्या. आणि ज्यावर शाई जराही फुटत नाही असा गुळगुळीत, दाट कागद गठ्ठ्याच्या गठ्ठ्यानं आणलेला, त्याचं वेष्टणसुद्धा निघालेलं नव्हतं. "काही चांगलं लिहायचं असेल तेव्हा काढू," म्हणायचा. सामानाची यादी मात्र लाइटबिलाच्या पाठीवर. दिवसभर लोकांना तोंड उघडायला लावणारा हा माणूस, पण त्याच्या हातून आमची टोपणं उघडत नव्हती.

एकदा त्यानं माझ्यात चमकीची शाई भरली, कारण म्हणे काळ्या पेनाशेजारी ती फोटोत उठून दिसते. फोटो निघाला. इतक्यात दवाखान्यातून फोन आला, आणि मला न धुताच मखमलीच्या खणात ठेवून तो निघून गेला. पाहुण्यांना दाखवायचा, "हा आईचा. जिवापाड जपलाय." आणि माझ्या पोटात चमकी घट्ट होत होती.

मग आईच्या घशाचं ऑपरेशन झालं. ती वाचली, पण आवाज गेला. पुढे येईल की नाही, हे घशाच्या डॉक्टरलाही सांगता येईना. कुजबुजायचीही मनाई होती, काय हवं ते लिहून दाखवायचं. तिची बोटं संधिवातानं आखडलेली. आणि या दातांच्या डॉक्टरनं, एवढं पेनांचं दुकान घरात असताना, तिच्या हातात काय द्यावं? औषध कंपनीनं फुकट वाटलेलं बॉलपेन! वर टूथपेस्टची जाहिरात. बॉलपेन दाबल्याशिवाय उठत नाही आणि तिच्याच्यानं दाबवत नव्हतं. दोन शब्दांत बोटं दुखायची, पुढचा शब्द कागदावर नुसता ओरखडा. हळूहळू तिनं लिहिणं सोडलं. विचारलं की मान हलवायची. घरानंही ते सोयीचं करून घेतलं. मी काचेआडून सगळं बघत होतो, आणि मला ओरडता येत नव्हतं. तिलाही.

अशात तिची धाकटी बहीण, म्हणजे डॉक्टरची मावशी, भेटायला आली. तोंडानं अखंड आगगाडी. "ताई, इथं हे दोघं दिवसभर कामाला, तू एकटी भिंतींकडे बघत बसणार. माझ्याकडे चल कायमची. येतेस ना?" नेमकी तेव्हाच सून स्वयंपाकघरातून ओरडली, "आई, चहा ठेवू का?"

आईनं मान हलवली. चहासाठी!

"बघ, हो म्हणाली!" मावशी उठलीच. "मला ठाऊकच होतं. बॅग कुठंय?"

डॉक्टरचा चेहरा उतरला. "आई, खरंच जायचंय तुला?"

आई जोरजोरात मान हलवू लागली, आडवी.

"अगं, रडू नकोस," मावशी म्हणाली. "मुलाला सोडताना वाईट वाटणारच."

आईनं बॉलपेन घेतलं, कागदावर दाबलं. 'मी' एवढंच उमटलं, पुढे फक्त रेघ. तिनं ते बॉलपेन भिंतीवर फेकलं, तरातरा कपाटापाशी आली आणि काचेवर बोटानं टकटक करू लागली. माझ्यावर बोट रोखून.

"तो नको गं आई," डॉक्टर धावला. "तो जपून ठेवलाय. नाजूक आहे आता. थांब, दुसरं बॉलपेन देतो."

सून चहाचा कप घेऊन दारात उभी होती. "अहो, मग त्यातला दुसरा कुठला तरी द्या!"

"दुसरा कुठला? तो हिरवा आता कुठं मिळतही नाही. निळ्याची निब अजून नव्यासारखी आहे. पारदर्शकाला डाग पडतील..."

"पेनाला शाईचा डाग पडेल म्हणून घाबरता?" सून म्हणाली. "उद्या दाताला घास लागेल म्हणून पेशंटला उपाशी ठेवाल!"

मावशी हसली. डॉक्टर हसला नाही. त्यानं काच सरकवली आणि मला आईच्या हातात दिलं.

मित्रांनो, त्या बोटांत मी किती वर्षांनी गेलो! तिनं मला बरोब्बर तिरकं धरलं, टेकवलं, ओढलं.

काहीच उमटलं नाही.

पुन्हा ओढलं. कागदावर नुसती कोरडी खरखर. ती माझ्याकडे बघत राहिली. तिची जीभ आजारानं बांधली होती, माझी कौतुकानं. डॉक्टरनं मला उघडून पाहिलं. पोटात वाळलेल्या चमकीचा थर होता. "मी धुतला नव्हता," तो पुटपुटला. जिवापाड जपण्याची ही तऱ्हा!

सुनेनं मला कोमट पाण्याच्या वाटीत टाकलं. पाणी गुलाबी झालं. ओतलं, दुसरं घेतलं. तेही गुलाबी. दुपारभर हेच चाललं. मावशी बॅग भरत होती, आई ती रिकामी करत होती, आणि एक साडी दोघींच्या ओढाताणीत सापडली होती. डॉक्टर जुन्या टूथब्रशनं माझ्या जिभेच्या चिरा घासत बसला. तेवढं त्याला चांगलं येतं, हे मी मान्य करतो.

संध्याकाळी पाणी स्वच्छ राहिलं. डॉक्टरनं निळ्या शाईचं सील तोडलं. आत बुरशी तरंगत होती! दुसरी बाटली उघडली, ती ठीक निघाली. आईपुढे त्यानं लाइटबिल सरकवलं, मग स्वतःच ते उचललं, कागदाच्या गठ्ठ्याचं वेष्टण फाडलं आणि पहिला कोरा कागद तिच्यापुढे ठेवला.

आईनं न दाबता लिहिलं: "मी चहाला हो म्हटलं होतं. मी कुठेही जाणार नाही. आणि तो चहा अजून मला मिळालेला नाही."

मावशीनं मोठ्यानं वाचलं आणि मटकन बॅगेवरच बसली. "अगं बाई! मग मान कशाला हलवलीस?"

"तू दुसरं काही करू देतेस?" मी लिहिलं. म्हणजे, आईनं.

तुम्हाला वाटेल, आता माझा राग गेला. नाही गेला. कपाट अजून भरलेलंच आहे. सोनेरी पट्टीवाला अजून एकाच वाक्यावर आहे. काल डॉक्टर फोनवर नवा पेन बघत होता, मी पाहिलं. मित्रांनो, तुमच्याही घरात असे पेन असतील, कोऱ्या वह्या असतील, बाटल्या असतील. आहे ते काढा आणि वापरा. डाग पाडा, कागद संपवा, सामानाची यादीसुद्धा चांगल्या कागदावर करा. चांगला प्रसंग येईल तेव्हा बघू म्हणणाऱ्याच्या शाईत बुरशीच पोहते. आणि वापरून झालं की आम्हाला धुवा. त्याला काळजी म्हणतात. मखमलीला नाही.

आईचा आवाज परत आलेला नाही. पण घरात आता तिची बोलणी सगळ्यांना खावी लागतात. आज सकाळीच डॉक्टरला तिनं पानभर झापलं: दवाखान्यातून उशिरा येणं, बायकोशी तुसडं बोलणं, फोन घेऊन जेवायला बसणं. ऐन रंगात आली असताना माझं पोट रिकामं झालं आणि शब्द अर्ध्यात तुटला. तिनं मला वर धरून हलवलं आणि मुलाकडे पाहिलं. तो निमूट उठला, दौत आणली, ड्रॉपरनं थेंब न सांडता मला काठोकाठ भरलं, पुसलं आणि तिच्या हातात देऊन पुन्हा समोर येऊन बसला.

"हं," म्हणाला. "पुढे बोल."