इसोबेलच्या पुस्तकाची पानं

घाबरू नका मित्रांनो, सुरी असले तरी माझ्यानं लोणीसुद्धा धड कापलं जात नाही. मी आहे कागद कापायची सुरी. पातं हस्तिदंती, मूठ चांदीची. ज्या हत्तीचा हा दात, त्याला कुणी काही विचारलं नव्हतं. पुढे मलाही कुणी विचारलं नाही.

आमच्या काळात नवं पुस्तक यायचं ते पानं कडेला एकमेकांना जोडलेलीच. मोठ्या कागदाच्या घड्या घालून शिवलेलं असे ना, म्हणून. वाचणाऱ्यानं एक घडी कापायची, वाचायचं, मग पुढची कापायची. त्यासाठीच माझा जन्म. लंडनमधल्या एका म्हाताऱ्या कारागिरानं मला आठवडाभर घासलं, उजेडात धरून पाहिलं आणि म्हणाला, "जा पोरी, भरपूर काम कर." किती भोळा होता बिचारा!

मला विकत घेतलं श्रॉपशर परगण्यातल्या लायोनेल थॉर्नबी साहेबांनी. वडिलांनी साबणाच्या कारखान्यात गडगंज मिळवलं आणि यांनी ते चित्रांत आणि पुस्तकांत घातलं. भिंतींवर छतापर्यंत चित्रं. उन्हानं रंग उडतील म्हणून पडदे बारा महिने ओढलेले. पुस्तकांच्या दालनात कुणी चहाचा कप नेला की घर डोक्यावर घेत. आणि पुस्तकं? हजारोंनी, पण निम्म्यांची पानं जोडलेलीच. या संग्राहक मंडळींचा न्यायच उलटा. ज्या प्रतीचं एकही पान कापलेलं नाही, ती सगळ्यांत थोर! साहेब पाहुण्यांना छाती फुगवून सांगत, "बघा, शंभर वर्षांत हिला एकाही माणसानं वाचलेलं नाही!" पाहुणे वाहवा करत. मी मेजावर मखमलीच्या तुकड्यावर पडून चरफडत असे. मलासुद्धा त्यांनी वापरायला कुठे घेतलं होतं? ठेवायलाच घेतलं होतं.

माणूस दुष्ट नव्हता हो. एकुलत्या एका लेकीवर, इसोबेलवर, त्यांचा जीव होता. फक्त ज्या वस्तूवर जीव जडला तिला हात लावायचा नाही, एवढंच त्यांना ठाऊक होतं. बायको गेल्यापासून बापलेक नाश्त्याला भेटत, हवेबद्दल दोन वाक्यं बोलत आणि आपापल्या वाटेनं जात.

इसोबेलची छाती अधू होती. तिशी उलटली त्या वर्षी डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं, की पुढचा उन्हाळा काही दिसायचा नाही. तेव्हा तिनं एक छोटं पुस्तक लिहिलं, आपल्या आईच्या आठवणींचं. पंचवीस प्रती छापून घेतल्या आणि ऑक्टोबरात पहिली प्रत स्वतः आणून माझ्या शेजारी ठेवली.

"पप्पा, ही तुमची."

साहेबांचे डोळे चमकले. "क्रमांक एक! आणि पानं अगदी अखंड! शाब्बास गं माझ्या राणी!" त्यांनी पुस्तक दोन्ही हातांनी उचललं, मेजाला लागूनच असलेल्या काचेच्या कपाटात ठेवलं आणि किल्ली खिशात टाकली.

आठवड्यानं ती आली. "वाचलंत?"

"अगं, ही प्रत कापायची म्हणजे वेडेपणाच. वाचायला मी दुसरी मागवतो ना."

"मी याच प्रतीवर तुमचं नाव घातलंय, पप्पा."

"म्हणूनच तर!"

मग तिनं मलाच उचललं. "द्या किल्ली. मी कापते." साहेबांनी मला तिच्या हातातून अक्षरशः हिसकावलं. ती हसली, पण तिचं ते हसणं मला बघवेना.

घर सांभाळणाऱ्या डॉब्सबाई दारातून सगळं पाहत होत्या. इसोबेल दाराशी येताच त्या तिला चिडून म्हणाल्या, "मनात आहे ते तोंडानं सांगून टाका की एकदाचं! कसला मेला मानापमान!"

"सांगून वाचलं तर त्याला काय अर्थ, डॉब्सबाई? त्यांना आपणहून वाटू दे."

असा तो हिवाळा गेला. रोज सकाळी मी मनात म्हणे, आज तरी किल्ली फिरेल. फेब्रुवारीत तिचं खोलीबाहेर येणं बंद झालं. साहेब रोज तिच्या दाराशी जात, दाराच्या मुठीवर हात ठेवत, आत खोकला ऐकू आला की घाबरून परत येत आणि पुस्तकांवरची धूळ झटकत बसत. मार्चच्या आठ तारखेला ती गेली.

दफन करून आले त्या दुपारी साहेबांनी कपाट उघडलं. मला हातात घेतलं. आयुष्यात पहिल्यांदा माझं पातं कागदात शिरलं. एकेक घडी कापत ते मोठ्यानं वाचत होते. आईची निळी टोपी, आईची फसलेली केकची कृती वाचताना ते एकदा चक्क हसलेसुद्धा. मग शेवटची घडी कापली.

"पप्पा, हे पान बाकीच्या चोवीस प्रतींत नाही. तुम्हाला दुर्मिळ वस्तू आवडतात, म्हणून फक्त तुमच्यासाठी छापून घेतलं. इथवर आलात ना? मग आता माझ्या खोलीत या. काही बोलू नका. मला फार भीती वाटते. नुसते जवळ बसा."

साहेब उठले. मी त्यांच्या मुठीतच होते. ते जिना चढून तिच्या खोलीत गेले. पलंगावरची गादीसुद्धा उचलली होती. खुर्ची ओढून ते त्या रिकाम्या पलंगाजवळ बसले. डॉब्सबाई चहा घेऊन आल्या, तेव्हा एवढंच म्हणाले, "तिनं बोलावलंय मला." बाईंनी कप त्यांच्याजवळ ठेवला आणि दार हलकेच लोटून घेतलं.

मित्रांनो, लोक म्हणतात, आपलं काम करायला मिळालं की जन्माचं सार्थक होतं. माझं झालं नाही. ते काम पाच महिने आधी करायचं होतं. तुमच्यासाठी कुणी चार ओळी लिहिल्या असतील तर त्या जपून ठेवू नका रे, आजच उघडा. खराब होऊ द्या, फाटू द्या, चहा सांडू द्या. मी त्या मेजावर, त्या पुस्तकापासून वीतभर अंतरावर होते. रोज होते.