इरमा थांबली तेव्हा

"या फोटोत इरमा कशी आली ते सांगतो, पण तुमच्यापैकी एकाचाही विश्वास बसायचा नाही," ओदिलोन म्हणाला, आणि मंडळी हॅमचा पाव चावायची थांबली. त्याच्या बायकोला, इरमाला, पुरून तासही झाला नव्हता.

प्रत्येकाच्या हातात तिचं स्मरणपत्र होतं. त्यावर गेलेल्या माणसाचा चेहरा छापायचा, ही रीत. इथे होता चर्चचा एक खांब, आणि त्याला टेकून धुरासारखी एक आकृती.

एक्केचाळीस वर्षं ओदिलोनने चर्चचे फोटो काढले. अंधाऱ्या कमानींसाठी कॅमेरा सहा-सहा मिनिटं उघडा ठेवायचा, तेवढा वेळ इरमाने काळा कोट घालून दिवा फिरवत चालत राहायचं. दगड उमटतो, चालतं माणूस उमटत नाही. हजारो फोटोंत ती होती आणि एकातही दिसत नव्हती. ती गेली त्या दिवशी त्याने सगळी कपाटं उपसली. सापडला तो फक्त ओळखपत्रावरचा फोटो. त्यात ती पोलिसांना हवी असल्यासारखी दिसत होती.

"आपला तो दगडी बिशप थडग्यावर हात जोडून पडलाय ना? तो शिंकला! पाचशे वर्षांची धूळ नाकात, किती दिवस दाबणार बिचारा? आमची इरमा पडली संस्कारांची. थांबली, म्हणाली, 'देव भलं करो, बिशपसाहेब.' तो म्हणतो, 'रुमाल आहे का गं?' खिसे चाचपण्यात दोन मिनिटं गेली. तेवढी उमटली."

"रुमाल परत दिला का रे त्याने?" बेकरीवाल्या फोन्सने विचारलं.

"चर्चमध्ये गेलेलं कधी परत आलंय?"

हशा पिकला. इरमाची धाकटी बहीण पाउला तेवढी हसली नाही. तिने पत्र चष्म्याजवळ धरलं होतं.

"दिवा उजव्या हातात आहे, ओदिलोन. आमची इरमा डावखुरी. शाळेत छड्या खाल्ल्या, पण हात बदलला नाही तिने."

"रुमाल काढायला डावा हात मोकळा केला असेल," तो घाईघाईने म्हणाला.

"आणि कोट? तिच्या पोटऱ्यांपर्यंत यायचा. इथे गुडघ्यांच्या वर राहिलाय."

ओदिलोनने कप उचलला. आपलं पत्र बशीखाली सरकवलं.

"खोटं बोलतोयस," पाउला म्हणाली. तिने पुढे होऊन त्याचा हात धरला. "कोट तिचा आहे. आत तू आहेस."