थापांचा यक्ष, मुक्काम कांदाचाळ

मी कादंबरी बोलतेय. मुलांची, एकशे बारा पानांची, जादूची. नाशिक जिल्ह्यातल्या देवळ्याच्या एका लहानशा वाचनालयात माझा दाखल क्रमांक ११४७. कपाटातल्या इतर पुस्तकांना जुन्या कागदाचा वास येतो, मला कांद्याचा. तो कसा लागला, ते सांगते.

माझं नाव 'थापांचा यक्ष'. जन्म नाशिकच्या छापखान्यातला. माझे लेखक मुंबईच्या चाळीत वाढलेले, म्हणून माझी गोष्टही चाळीतच घडते. तिथे एक यक्ष राहतो. त्याच्यासमोर मारलेली थाप एक दिवसापुरती खरी होते. हे गुपित शिताफ नावाच्या अकरा वर्षांच्या पोराला कळतं. पोरगा हुशार, पण सरळ नाही. 'आज माझा वाढदिवस' म्हणाला, की सगळी चाळ लाडू घेऊन दारात हजर. मात्र प्रत्येक थापेमागे एक माणूस त्याला पार विसरतो. शिताफला त्याचं काहीच वाटत नाही. शेवटून दुसऱ्या प्रकरणात त्याची स्वतःची आई दार उघडून विचारते, "कोण रे तू? कुणाचा?"

वाचनालय सांभाळणाऱ्या योगिनीताईंनी मला खाकी कव्हर घातलं आणि मागे तारखांची चिठ्ठी डकवली. समितीचे महेशभाऊ मला चाळून म्हणाले, "नायकच थापाड्या! पोरांनी काय शिकायचं यातून?"

"शेवटचं प्रकरण वाचा, भाऊ," ताई म्हणाल्या.

त्यांनी वाचलं नाही. मोठी माणसं मला मधूनच उघडतात, कपाळाला आठ्या घालतात आणि मिटून टाकतात.

अठरा एप्रिलला हर्षालीने मला घरी नेलं. सहावीतली मुलगी, तोंडात कायम उत्तर तयार. तिची आई नाशिकला एका दवाखान्यात नर्स होती, महिन्यातून एकदा घरी यायची. घरी वडील आणि कुसाबाई आजी.

आता देवळ्यात चाळ म्हटलं, की डोळ्यांसमोर एकच येतं : उन्हाळ कांदा साठवायची लांबट, फटींच्या भिंतींची कांदाचाळ. हर्षालीनेही तेच धरलं. खाकी कव्हराखाली माझ्या मुखपृष्ठावर चाळ नाही, यक्षाचे नुसते डोळे आहेत, त्यामुळे तिला कुणी दुरुस्त केलं नाही. 'चाळीचा जिना' आला तेव्हा ती थबकली. मग स्वतःशीच म्हणाली, "मुंबईकडं दोनमजली बांधत असतील. केवढा माल मावत असेल!"

त्यांच्या मळ्यातली चाळ तेव्हा अर्धी रिकामी होती. तिथे उभं राहून ती म्हणाली, "यक्षा, आज माझी आई घरी आलीये." नाशिकची शेवटची बस येऊन गेली. आई आली नाही.

हर्षालीने विचार केला, यक्ष पुस्तकात आहे, तर पुस्तकच चाळीत ठेवायला हवं. सत्तावीस एप्रिलला, वाचन शिताफची आई दार उघडते तिथवर आलं असताना, तिने मला मिटलं, कोपऱ्यातल्या फटीपाशी ठेवलं आणि जेवायला गेली. तेवढ्यात मजूर बायांनी पाट्यांवर पाट्या ओतून तो कप्पा वरपर्यंत भरून टाकला.

फटीतून तिची दोन बोटं माझ्या कडेला लागत. मी मात्र बाहेर येईना.

पाच मेला ती फटीला तोंड लावून कुजबुजली, "ताईंना सांगितलं, पुस्तक दिलंय. म्हटलं, तुम्ही फोनवर होता, मी टेबलावर ठेवलं. पटलं त्यांना!" आवाजात शिताफचा थाट होता.

जूनमध्ये तो थाट उतरला. "ताई सगळी कपाटं शोधतायत. म्हणतात, माझंच हल्ली लक्ष नसतं."

अठरा जुलैला ती रडत आली. "महेशभाऊ म्हणाले, हे हरवलेलं तिसरं पुस्तक. परवा बैठक आहे, ताईंच्या जागी दुसरं कुणी तरी आणणार. ताईंनी मला विचारलं, 'तू दिलं होतंस ना गं?' मी परत हो म्हटलं." मग म्हणाली, "शिताफ शेवटी काय करतो? सांग ना."

शेवटची अकरा पानं माझ्या पोटात होती आणि मला तोंड नव्हतं.

दुसऱ्या दिवशी फटीपाशी दोन आवाज आले.

"रोज कांद्यांशी काय गप्पा मारती गं?"

"आजी, आत वाचनालयाचं पुस्तक हाय. मी खोटं बोलले. ताईंना काढून टाकतील."

"कोठे शे तुनं पुस्तक?"

"कोपऱ्यात. पार तळाला."

"तळाला! म्हणजे आख्खा कप्पा फोडायचा? तुझा बाप माझं डोकं खाईल." लुगड्याचा पदर खोचल्याचा आवाज आला. "बघत काय राहिली? आण पाटी!"

दोन तासांनी मी उजेड पाहिला. त्र्याऐंशी दिवस झाले होते. आजीने मला पदराने पुसलं. "मी येऊ का संगं?"

"नको. मीच सांगते."

वाचनालयात हर्षालीने मला टेबलावर ठेवलं. महेशभाऊंनी नाकाला रुमाल लावला. "कांदे आणले का गं?"

"ताई विसरल्या नव्हत्या," ती एका दमात म्हणाली. "मी पुस्तक दिलंच नव्हतं. मी थाप मारली. दोनदा."

योगिनीताईंनी रजिस्टर ओढलं, माझ्या क्रमांकापुढे तारीख लिहिली. मग त्यांनी विचारलं, "पण चाळीत कशाला ठेवलंस?"

"यक्ष चाळीतच राहतो ना."

"अगं, ती मुंबईची चाळ. तिच्यात कांदे नसतात."

"मग काय ठेवतात?"

"माणसं."

महेशभाऊंना हसू आवरेना. रुमाल खिशात घालत ते म्हणाले, "योगिनीताई, उद्याच्या बैठकीत तो विषय नको."

ताईंनी हर्षालीला तिथेच बसवून शेवटचं प्रकरण वाचायला लावलं. शिताफ चाळीच्या चौकात उभा राहतो आणि सगळ्यांसमोर आपली एकेक थाप स्वतः मोजून सांगतो. शेवटची संपते तेव्हा आई त्याला नावाने हाक मारते.

"हे आधी कळायला हवं होतं मला," हर्षाली म्हणाली.

"कळलंच की. न वाचता."

त्या संध्याकाळी आजीने नाशिकला फोन केला. सकाळच्या पहिल्या एसटीने आई आली. लेकीला रागावली, जवळ घेतली, तिच्या हातांचा वास घेऊन हसली आणि दुसऱ्या दिवशी कामावर परत गेली. एक दिवसापुरतीच आली होती. यक्षाचा नियमच तसा आहे.

आता मुलं मला 'कांद्याचं पुस्तक' म्हणून मागतात. माझ्या चिठ्ठीवर हर्षालीनंतरची तारीख महेशभाऊंची आहे. तुम्हीही मला घरी न्या. नाक दाबून वाचलंत तरी चालेल. फक्त माझी शेवटची अकरा पानं राहू देऊ नका.