मोहनाचं टाकं

कारेलीबागेतल्या त्या सोसायटीत वसुंधरा आणि मोहना या दोघी जावांचे बंगले भिंतीला भिंत लागून होते. सासूबाई थोरलीकडे, म्हणजे वसुंधराकडे राहत. मोहनानं पुढची पोर्च बांधताना तिच्याखाली टाकं खणून घेतलं आणि गच्चीवरचं पावसाचं पाणी नळीनं त्यात सोडलं. तेव्हा वसुंधरा हसली होती. "आजव्याच्या तलावावर सगळं बडोदं जगतं, तुला एकटीलाच ते पुरेना होय?"

दोन हजार सालच्या उन्हाळ्यात आजवा तळाला गेला. नळाला सकाळी करंगळीएवढी धार, तीही पिवळट. बोअरचं पाणी मचूळ. मोहनाचं टाकं मात्र अर्ध्याच्या वर भरलेलं होतं. रोज सकाळी ती सासूबाईंसाठी एक कळशी आणून द्यायची.

"चहा मोहनाच्या पाण्याचाच टाकलायस ना गं?" सासूबाई विचारायच्या. घोट घेऊन म्हणायच्या, "गोड आहे हो पाणी."

लग्न झाल्यापासून त्यांना चहा वसुंधराच करून देत होती. चांगला झालाय असं त्या कधी म्हणाल्या नव्हत्या. वसुंधरा कळशीकडे बघायची आणि ती उचलून ओट्याच्या पार कोपऱ्यात सरकवायची. समोरच्या जागृतीबेनसुद्धा आता जाता-येता मोहनाच्याच फाटकाशी थांबत.

मे महिन्यात मोहना भावाच्या लग्नाला इंदूरला निघाली. टाक्याच्या झाकणाची किल्ली तिनं वसुंधराच्या हातात ठेवली. "वहिनी, प्यायला कुणी मागितलं तर द्या हं."

पहिल्या दिवशी वसुंधरानं जागृतीबेनना एक हंडा दिला. त्या म्हणाल्या, "भाभी, तमे तो बहु सारा छो!" तुम्ही फार चांगल्या आहात, हे शब्द तिला दिवसभर पुरले. दुसऱ्या दिवशी तिनं स्वतःच हाका मारल्या. मग कपड्यांना दिलं, कूलरला दिलं, स्कूटर धुवायलाही दिलं. लोक तिला दुवा देत होते. पण बादलीचा दोर दिवसेंदिवस जास्त सोडावा लागतोय, हेही ती बघत होती आणि ते तिला आवडत होतं. एका दुपारी बादली तळाला खरवडली. तेव्हा मात्र तिनं घाईनं झाकण लावून कुलूप घातलं.

मोहना परत आली, बॅग खाली ठेवून आधी टाक्याशी गेली. झाकण उघडून वाकून पाहिलं.

"वहिनी, हे काय?"

"तूच म्हणालीस, मागेल त्याला दे."

"प्यायला म्हटलं होतं. स्कूटरी धुवायला नाही."

तिला कुणी सांगितलं, हे वसुंधरानं विचारलं नाही. "हो, दिलं!" ती एकदम म्हणाली. "संपावं म्हणूनच दिलं. आईंचं सगळं मी करायचं आणि गोड म्हणायचं तुझ्या पाण्याला!"

मोहना सरळ उभी राहिली. "आई माझ्या घरी एक रात्र तरी राहिल्यात का, वहिनी? दिवाळीलाही तुमच्याच घरी. बरं नसलं तर हाक तुम्हाला. कळशी घेऊन येते तेव्हा तेवढं 'ये गं' म्हणतात मला. त्याचाही तुम्हाला हेवा वाटला?"

मोहनानं झाकण लावलं, किल्ली मागून घेतली आणि आत गेली.

नंतरचे दिवस दोघी टँकरच्या रांगेत उभ्या राहत, एकमेकींशी न बोलता. एकदा मोहनाचा हंडा भरला तेव्हा वसुंधरानं पुढे होऊन त्याची दुसरी बाजू धरली. मोहनानं नको म्हटलं नाही. घरी सासूबाई टँकरच्या पाण्याचा चहा तोंड वाकडं करून प्यायल्या आणि वसुंधरालाच बोलल्या. तिनं कप उचलून विसळून ठेवला.

पुढच्या वर्षी वसुंधरानं आपल्या अंगणात टाक्यासाठी खड्डा घ्यायला लावला. मोहना कडेला येऊन उभी राहिली, आत वाकून पाहत.

"किती खोल घेताय, वहिनी?"

"तुझ्यापेक्षा हातभर जास्त," वसुंधरा म्हणाली.

त्याच संध्याकाळी मोहना नवऱ्याला विचारत होती, आपलं टाकं आणखी वाढवता येईल का.